हस्तिदंती मुठीचं पिस्तूल: पैसे मोजण्याआधी या चुका टाळा

हस्तिदंती मूठ म्हटली की अमेरिकेत पहिलं नाव निघतं ते दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांचं. १९१६ साली टेक्सासमधल्या एल पासोत घेतलेल्या त्यांच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची मूठ हस्तिदंताची होती, आणि कुणी ती मोत्याच्या शिंपल्याची म्हटली तर त्यांना खपत नसे. तेव्हापासून या पांढऱ्या मुठीचं वेड काही ओसरलेलं नाही. मी ॲरिझोनात राहतो, वीकेंडला नेमबाजीच्या रेंजवर जातो, आणि या वेडापायी पैसे घालवून बसलेल्यांपैकीच एक आहे.

माझी पहिली चूक रेघांची. एका गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शनात, मखमलीच्या डबीत कोल्टच्या पॅनलची, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या पट्ट्यांची, जोडी होती. दुधाळ रंग, कडेला जरा पिवळसर, अंगावर उभ्या बारीक रेघा. विकणारा म्हणाला, ‘रेघा आहेत म्हणजे अस्सल.’ मी मान डोलावली आणि पाकीट काढलं. घरी आल्यावर भिंगाखाली पॅनलचं बूड पाहिलं, तर तिथेही रेघा सरळ, समांतर, वहीच्या पानावर आखाव्यात तशा. ते सेल्युलॉइड होतं, जुन्या काळचं एक प्लास्टिक.

खरी खूण अंगावर नाही, बुडाशी बघायची असते. सुळा आडवा कापला की त्यात दोन दिशांनी वळत जाणाऱ्या रेघा एकमेकींना छेदताना दिसतात, जाळीसारख्या. त्यांना श्रेगर रेघा म्हणतात. मुठीचं पॅनल सुळ्याच्या लांबीत कापलेलं असलं तर ही जाळी खालच्या कडेलाच सापडते, आणि नकली मालात ती साधणं अवघड जातं. सुळ्याच्या बाहेरच्या भागात हा छेदकोन हत्तीत ११५ अंशांहून मोठा असतो, मॅमथ या हत्तीच्या नामशेष भाऊबंदात ९० हून लहान. पण सुळ्याच्या गाभ्याकडे हत्तीचेही कोन अरुंद होत जातात, आणि तुमचं पॅनल सुळ्याच्या नेमक्या कुठल्या भागातलं आहे हे तुम्हाला माहीत नसतं. त्यामुळे एकच कोन मोजून ‘हा मॅमथच’ असं ठोकून देऊ नका. जाळीऐवजी बारीक काळपट ठिपके किंवा खाचा दिसल्या तर ते हाड समजा.

तापवलेली सुई टोचून बघायचा सल्ला अजूनही देतात लोक. नको. अस्सल असेल तर डाग कायमचा, आणि सेल्युलॉइड असेल तर ते भडकतं. त्यापेक्षा अंगठ्याने जोरात घासा आणि वास घ्या. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. माझ्या त्या पॅनलला अक्षरशः देवघरातल्या आरतीचा वास आला, आणि गन शोमधल्या त्या टेबलापाशी हे का सुचलं नाही म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

आता महाग पडणारी चूक, कायद्याची. अमेरिकेत ६ जुलै २०१६ पासून आफ्रिकी हत्तीच्या दंताची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री जवळपास बंद आहे. शंभर वर्षांहून जुन्या, कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या वस्तूंना सूट आहे. दुसरी सूट थोडा हस्तिदंत असलेल्या वस्तूंना: तो २०० ग्रॅमपेक्षा कमी हवा, मोठ्या वस्तूचा पक्का भाग हवा, वस्तूची मुख्य किंमत त्याच्यामुळे नको, आणि तो १८ जानेवारी १९९० पूर्वी देशात आलेला हवा. या अटी नीट वाचा. पिस्तुलाला बसवलेली मूठ त्यात बसू शकते. तीच मूठ उतरवून सुटी विकायला काढली की ती ‘मोठ्या वस्तूचा भाग’ उरत नाही, ती नुसता हस्तिदंत होते. आणि लोक घेतात ती नेमकी सुटी जोडी, तीही दुसऱ्या राज्यातून, पोस्टाने! राज्याच्या आतली विक्रीही आयातीच्या पुराव्यावर अवलंबून असते. ‘आमच्या आजोबांची आहे’ हा पुरावा नाही.

मग लोक मॅमथकडे वळतात, कारण तो प्राणी कधीच नामशेष झालेला. संघराज्याच्या त्या नियमात तो येत नाही हे खरं, पण न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या राज्यांच्या कायद्यांनी त्यालाही धरलं आहे. आपल्याकडच्या नातेवाइकाला भेट म्हणून नेण्याचा विचार तर सोडूनच द्या. भारतात १९७७ पासून हत्ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आयात केलेल्या आफ्रिकी दंताचा व्यापारही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॅमथचा दंतही ‘हस्तिदंत’च ठरवला.

मापाची चूक त्यामानाने स्वस्त. ‘कोल्टला बसेल’ एवढ्यावर विसंबू नका. जुन्या कोल्टच्या मुठीची चौकट हाताने घासून जुळवलेली असायची, म्हणून दोन रिव्हॉल्व्हरांत केसभर फरक सापडतोच. रूगर कंपनीचं व्हॅकेरो रिव्हॉल्व्हर घेतलं असेल तर २००५ नंतरच्या न्यू व्हॅकेरोची मूठ आधीच्यापेक्षा बारीक आहे. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरांत के आणि एल या दोन मापांच्या फ्रेमची मूठ सारखी, पण बूड गोल की चौकोनी ते विचारा. ‘१९११’ नावाच्या पिस्तुलाला दोन्ही बाजूंचं सेफ्टी लिव्हर असेल तर उजव्या पॅनलला खाच लागते. चांगला कारागीर पॅनल मुद्दाम थोडं मोठं ठेवतो, ते घासून बसवायचं असतं. घासताना मास्क लावा. स्क्रू अगदी हलकाच आवळा. हस्तिदंत लाकडासारखा दबत नाही, सरळ तडकतो.

तडकण्याचं दुसरं कारण आमच्याकडची कोरडी हवा. तिजोरीत ओल नको म्हणून गरम होणारा रॉड लावतात, आणि त्याच तिजोरीत हस्तिदंती मूठ ठेवतात. पिस्तूल साफ करण्याआधी पॅनल उतरवा, सॉल्व्हंट आणि तेलाचे डाग आत मुरतात. आणि अंधारात ठेवलेला हस्तिदंत पिवळा पडतो, म्हणून लगेच ब्लीचकडे धावू नका. उजेड मिळाला की तो हळूहळू पुन्हा उजळतो.

दर आठवड्याला रेंजवर जाणाऱ्याने माझं ऐकलं तर पॉलिएस्टर रेझिनची किंवा मायकार्टाची मूठ घ्यावी, नकली म्हणून विकलेली आणि नकलीच्याच भावाने. मायकार्टा म्हणजे कागद किंवा कापडाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेला पत्रा, घामाला आणि तेलाला दाद देत नाही. ‘फ्रेंच आयव्हरी’ मात्र बघितलं की थांबा, ते सेल्युलॉइडचंच जुनं नाव आहे, आणि जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लयुक्त वायू सोडतं. माझ्या कोल्टवरून ती पॅनलं दोन वर्षांनी उतरवली तेव्हा खालच्या पोलादावर त्यांच्याच आकाराचा गंज उमटला होता. आता ती वेगळ्या कागदी पाकिटात पडून आहेत, आणि कोल्टवर रेझिनची मूठ आहे.