या चुका टाळा : नर्सिंग होममधली रुग्णांची माहिती काउंटरवरून गळते

पेशंटची माहिती फुटली म्हटलं की कुणीतरी परदेशी हॅकर डोळ्यांसमोर येतो. वीस खाटांच्या नर्सिंग होममधून मात्र ती बहुधा रिसेप्शनवरूनच बाहेर पडते.

सगळ्यात जुनाट रोग म्हणजे एकच लॉगिन. सॉफ्टवेअर बसवणारा ‘अ‍ॅडमिन’ देऊन जातो, पासवर्ड मॉनिटरला चिकटतो आणि सिस्टर, बिलिंगवाले, रात्रपाळीचे आरएमओ (निवासी डॉक्टर) सगळे त्यावरच. उद्या तक्रार आली आणि फाइल कुणी उघडली ते पाहायला ऑडिट लॉग काढला, तर पानभर ‘अ‍ॅडमिन’च. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, तेही कामापुरत्या अधिकारांचं. नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद करा. ‘आपल्याकडे सगळी घरचीच माणसं’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. पण माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

एचआयव्हीच्या बाबतीत तर वाट पाहायची सोयच नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, काही ठरावीक अपवाद सोडले तर, रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय हे निदान कुणाला सांगता येत नाही. तरीही कित्येक ठिकाणी नाव टाकताच लाल अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ झळकतं, बिल करणाऱ्यालाही आणि काउंटरवर वाकून पाहणाऱ्या शेजाऱ्यालाही. संसर्गाची खबरदारी प्रत्येक पेशंटसाठी सारखीच घ्यायची असते, त्यामुळे त्या लाल पट्टीचा उपयोगही नाही. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून ती काढा. ही नोंद उपचार करणाऱ्यांनाच दिसू द्या. मानसिक आजाराच्या नोंदींनाही हाच नियम लावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवणं बंद होणार नाही, हे मान्य. निदान स्टाफच्या खासगी फोनवरून नको. फोटो गॅलरीत जातो, तिथून कुणाच्या तरी क्लाउडवर. चुकीच्या नंबरवर गेलाच, तर डिलीट करून गप्प बसू नका; समोरच्याने तो उतरवून घेतलेला असू शकतो. त्याला पुसायला सांगा, पेशंटला कळवा, नोंद ठेवा.

आणि बॅकअप. त्याच संगणकाला कायम जोडलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नव्हे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडकवून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर, तीही कुलूपबंद करतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर असा हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या संस्थेचा कारभार कागदावर आला. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली ठेवा, अधूनमधून ती उघडूनही बघा. हल्ला झालाच तर संगणकाची नेटवर्कची वायर आधी काढा. घाईने फॉरमॅट मारू नका, पुरावा जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे, तेव्हा तिचा ईमेल पत्ता आजच कागदावर लिहून ठेवा. संगणक बंद पडल्यावर तो शोधणार कुठे?