पूरमदतीचा हिशोब मागताना या चुका टाळा (निम्म्या आम्हीच केल्यात)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीनं पण एक टेम्पो भरला होता. हायवे सुरू झाल्या झाल्या निघालो, शिरोळ तालुक्यात शिरल्यावर रस्त्यावरच्या पहिल्याच गावात पोरांनी गाडी अडवली, आम्ही पण दमलेलो, तिथंच सगळं उतरवलं, फोटो काढले आणि परत. आठवड्यानं आतल्या गावातून फोन, "दादा, तुमची गाडी आलीच नाही." त्या पहिल्या गावात तोपर्यंत पाच-सहा गाड्या उतरल्या होत्या म्हणे, जुन्या साड्यांचा ढीग शाळेच्या व्हरांड्यात भिजत पडलेला. सामान कुणी घेतलं हे विचारायला आमच्याकडे एक नाव नाही, एक सही नाही. मग सरकारला हिशोब कुठल्या तोंडानं मागणार?

तर पहिली चूक हीच, गाडी निघतानाचा फोटो असतो, उतरतानाचा कागद नसतो. एका वहीत गाव, वस्तू, नग, घेणाऱ्याचं नाव आणि सही एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं. आणि निघायच्या आधी तहसीलच्या आपत्ती कक्षाला नाहीतर ग्रामपंचायतीला फोन करून विचारा की कुठं पोचलंय आणि कुठं नाही. कपडे तर नकोच.

दुसरी चूक पैशाची, आणि ही जास्त चावली. वर्गणी एका मित्राच्या स्वतःच्या यूपीआयवर घेतली, कारण क्यूआर त्याच्याकडं तयार होता. ६३ हजार जमले. त्याच खात्यातून त्याचा गाडीचा हप्ता गेला, किराणा गेला, पूरग्रस्तांच्या ताडपत्र्या पण गेल्या. माणूस सोन्यासारखा, एक रुपया खाल्ला नाही, पण स्टेटमेंट दाखवायची वेळ आली तेव्हा कुणाला काही कळेना आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक मीटिंगला कुणीतरी हळूच टोमणा मारायचंच. वेगळं खातं उघडा, दोघांच्या सहीचं, आणि रोज रात्री जमा-खर्च ग्रुपवर टाका. आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हा माहीतच नव्हती, नोंदणी नसलेल्या गटाला अशी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळं कलम ४१ क खाली घेतात ना, तीच.

संस्थेला देणार असाल तर पावती घेतो आपण, पण पावती म्हणजे सगळं झालं असं नाही. देणगीवर आयकरात मिळणारी ८०जी ची सूट (ती पण जुन्या करप्रणालीत) हवी तर संस्थेकडून फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, यायला हवं, आणि २,००० च्या वर रोख दिलेत तर सूट नाही. टॅक्सपेक्षा कामाची गोष्ट म्हणजे जी संस्था १०बीई वेळेत देते तिची वही बहुतेक वेळा नीट असते. मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागा. द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी संस्था बघा, वाद घालत बसू नका.

फंडाचंही तसंच. मुख्यमंत्री सहाय्यता निधीची आकडेवारी लोकांनी माहिती अधिकारात काढलेली आहे. २०२० मध्ये आलेला पीएम केअर्स फंड मात्र माहिती अधिकाराखाली येतच नाही असं त्यांचं म्हणणं, वेबसाइटवर काही वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब आहेत तेवढंच. कुठं द्यायचं तुमची मर्जी, पण देऊन झाल्यावर चिडण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

आता सरकारी मदत. इथं लोक सगळा राग तलाठ्यावर काढतात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच). तलाठी पंचनामा करतो, रक्कम तो ठरवत नाही. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषात ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत, असं ठरलं होतं. राज्य कधीकधी जीआर (शासन निर्णय) काढून यात वाढ करतं. म्हणून "एवढेच का" हे तलाठ्याला विचारण्यात अर्थ नाही, "माझं क्षेत्र किती लिहिलंत" हे मात्र त्यालाच आणि त्याच दिवशी विचारायचं.

कारण खरा घोळ तिथं होतो. माझ्या मामाचं मराठवाड्यात सोयाबीन, सप्टेंबर २०२५ च्या पावसात सगळं गेलं. पंचनामा चावडीत बसूनच झाला, मामानं न वाचता सही केली. क्षेत्र १ हेक्टर ४० आर, म्हणजे १.४० हेक्टर, कागदावर ०.४०. हेक्टरी ८,५०० नं धरा, ११,९०० च्या जागी ३,४००. मामाला वाटलं पैसे मधे कुणीतरी खाल्ले. खाल्ले नव्हते, टिंबाच्या आधीचा एक गेला होता. पंचनाम्यावर सही करताना मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढा, कोरं पान असेल तर सही करूच नका, आणि शेतात, घरात भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट फोटो आधीच काढून ठेवा.

पैसे मंजूर दाखवतायत पण खात्यात नाहीत? आधी यादीत तुमचा विशिष्ट क्रमांक (यादीत प्रत्येक लाभार्थ्याला देतात तो नंबर) आलाय का आणि लागत असेल तर सेवा केंद्रात ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालीय का ते बघा. मग आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते तपासा. पासबुक तुम्ही एका बँकेचं देता आणि आधारवरून येणारे पैसे सगळ्यात शेवटी आधारला लिंक केलेल्या दुसऱ्याच खात्यात जातात, चार वर्षांपूर्वी गॅस सबसिडीसाठी उघडलेल्या आणि मग विसरलेल्या.

शेवटची चूक, माहिती अधिकारात "मदत का मिळाली नाही" असं विचारणं. "का" ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला आहेत. पंचनाम्याची प्रत, गावची लाभार्थी यादी, ती तहसीलमधून पुढं पाठवल्याची तारीख असं मागा. जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. लोक पहिल्याच अर्जात धरणाचा विसर्ग, आमदाराचा फोटो छापलेली पाकिटं, चारा छावणी सगळं कोंबतात आणि अर्ज परत येतो.

मामाच्या पंचनाम्याची प्रत अशीच मिळाली. मग दुरुस्तीचा अर्ज दोन प्रतींत नेला, एक त्यांना, एक पोच घ्यायला. त्या पोचेच्या शिक्क्यासाठी तासभर बाकावर बसून होतो, कारण शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं ते जेवायला गेलेले. मामा म्हणाला, "चल जाऊ दे, दिला ना अर्ज." त्याला म्हटलं, सही पण तू अशीच केली होतीस.