पिकअपचा मागचा फाळका : या चुका टाळा

पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे क्रेट, लासलगावला मोकळा कांदा आणि परतीच्या वाटेवर खताच्या गोण्या वाहणाऱ्या पिकअपचा मागचा फाळका, म्हणजे हौद्याचे (माल भरायच्या भागाचे) मागे खाली उघडणारे दार, लवकर खिळखिळा होतो, आणि त्याला मालाच्या वजनापेक्षा फाळक्याचा चुकीचा वापरच अधिक कारणीभूत असतो.

सर्वांत नुकसानकारक सवय म्हणजे साखळ्यांवर आडवा ठेवलेला फाळका ओट्यासारखा वापरणे. भरलेले क्रेट घेऊन हमाल त्याच्या बाहेरच्या कडेवर उभे राहिले किंवा त्यावरून औषधाचा ड्रम घसरवला, की तो सगळा भार दोन साखळ्या, त्यांचे हुक आणि खालच्या बिजागऱ्या यांवरच येतो. त्यातही एक साखळी एखाद्या कडीने आखूड असेल, तर बहुतेक भार त्याच बाजूला जाऊन फाळका पिळतो. म्हणून दोन्ही साखळ्यांची लांबी मोजून सारखी ठेवावी, आणि जड वस्तू चढवताना फळीचे टोक फाळक्यावर न ठेवता हौद्याच्या तळाच्या कडेवर टेकवावे.

मोकळा कांदा भरलेला असताना खिट्टी हातोडीने ठोकून उघडणे हे माणसांसाठीही धोकादायक आहे, कारण कांद्याचा दाब थेट फाळक्यावर असतो आणि खिट्टी सुटताच फाळका जोराने खाली येतो. उघडणाऱ्याने नेहमी बाजूला उभे राहावे आणि फाळक्याच्या मार्गात कोणी नाही याची आधी खात्री करावी.

फाळका नीट लागत नसेल, तर ठोकाठोक करण्यापूर्वी कारण शोधावे. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी आणि दोन्ही बाजूंच्या फटी पाहाव्यात. एका बाजूची फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसत असेल, तर बिजागरीची पिन झिजलेली किंवा फाळका पिळलेला असण्याची शक्यता असते. रिकाम्या गाडीत नीट लागणारा फाळका भरल्यावरच अडत असेल, तर दोष बहुधा हौद्यात असतो : बाजूचे पत्रे बाहेर फाकलेले असतात. अशा वेळी खिट्टीचे भोक मोठे करून घेतल्यास फाळका तेवढ्यापुरता लागतो. पण पुढे खडखड वाढते आणि खड्ड्यात खिट्टी सुटण्याचा धोका राहतो.

गंजाकडे तर आपल्याकडे फारच उशिरा लक्ष जाते. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी लागणारे मोरचूद (कॉपर सल्फेट) लोखंडाला खाते, आणि पोटॅशसारख्या खतांचे सांडलेले कण ओलावा धरून पत्रा कुरतडतात. फाळक्याच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे माती आणि कांद्याच्या पातीने बुजली, की पाणी आतच साचते आणि पत्रा आतून गंजतो. रंगाला बाहेर फोड दिसेपर्यंत आतील पत्रा बराच गेलेला असतो. खताची किंवा औषधांची फेरी झाल्यावर त्याच दिवशी हौदा साध्या पाण्याने धुवावा आणि ही छिद्रे तारेने मोकळी करावीत. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात पावसाळ्यात चालणाऱ्या गाड्यांना हे विशेष लागू आहे.

बिजागऱ्यांना ग्रीस लावण्यापूर्वी जुने, धुळीने माखलेले ग्रीस पुसून काढावे. त्यावरच नवे थापल्यास ती धूळ पिनला घासत राहते.

नाशिकच्या अंबड किंवा सातपूरमधील वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेताना बॅटरीची ऋण वायर काढण्याचा आग्रह धरावा, कारण आजच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक युनिट वेल्डिंगच्या करंटने बिघडू शकते. वेल्डिंगची अर्थिंग (करंट परत नेणाऱ्या वायरचा चिमटा) जोडाच्या जवळच लावावी, आणि जोडावर आधी प्रायमर व मगच रंग द्यावा. रंग देताना मागची लाल परावर्तक पट्टी झाकू नये.

लांब पाइप किंवा सळया नेण्यासाठी फाळका उघडा ठेवून कसारा घाटात उतरणे अजिबात योग्य नाही. पूर्ण खाली सोडलेला फाळका मागचे दिवे व नंबर प्लेट झाकू शकतो, आणि माल मर्यादेबाहेर मागे आल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1अ) नुसार 20,000 रुपये दंड होतो, शिवाय माल उतरवण्याचा खर्चही द्यावा लागतो. अशा मालासाठी लांब हौद्याची गाडी भाड्याने घ्यावी.