पीटर्सबर्गला मे अखेरीस जाताय? आधी पुलांचं वेळापत्रक बघा

मे संपत आला की सेंट पीटर्सबर्गमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही पुरता अंधार असा पडतच नाही. आपलं घड्याळाकडे लक्षच राहत नाही. इथेच फसायला होतं. जहाजं जावीत म्हणून नेवा नदीवरचे पूल रात्री एक-दीडनंतर उचलले जातात, काही तर पहाटे पाचच्या सुमारास पुन्हा जोडले जातात. मेट्रोही मध्यरात्रीच्या आसपास बंद होते. म्हणजे हॉटेल वासिलेव्स्की बेटावर आणि तुम्ही नदीपल्याड नेव्हस्की रस्त्याच्या बाजूला, तर बसा काठावर कुडकुडत! वळसा घालून जाणारे, न उघडणारे पूल आहेत, पण टॅक्सीचं भाडं ऐकून झोप उडेल.

पूल उघडताना बघायची हौस असेल (असावीच, राजवाडा पुलाचे दोन पंख वर जातात आणि मधल्या फटीत समोरच्या किल्ल्याचा सोनेरी सुळका दिसतो) तर आपल्या हॉटेलच्याच काठावरून बघा.

कपड्यांचं म्हणाल तर दुपारी शर्टावर भागतं, पण रात्री नदीवरचा वारा झोंबतो. स्वेटर, कानटोपी आणि वाऱ्याला दाद न देणारं जाकीट हवंच. हर्मिटाज संग्रहालय सोमवारी बंद असतं. आपली व्हिसा-मास्टरकार्ड रशियात 2022पासून चालत नाहीत, रोख न्या. मासे खात असाल तर कोर्युश्का तळून घ्या. ताज्या मासळीला चक्क काकडीचा वास येतो!