ऑटिझम असलेल्या मुलांच्या शाळेसाठी निधी कसा उभा करावा? पुण्यातल्या सोसायट्या, मंडळं आणि मित्रमंडळींसाठी

पुण्यात मदत करणाऱ्यांची वानवा नाही. मुलाच्या वाढदिवसाला खाऊ, आजोबांच्या स्मरणार्थ पाच हजारांचा चेक, दिवाळीत फराळाचे डबे असं बरंच काही विशेष मुलांच्या शाळांपर्यंत पोहोचत असतं. तरीही ऑटिझम असलेल्या मुलांसाठी चालणाऱ्या छोट्या शाळांची महिनाअखेरची पगाराची विवंचना सुटत नाही. कारण इथला मोठा खर्च माणसांचा असतो. नेहमीच्या वर्गात एक बाई चाळीस मुलं सांभाळतात. इथे एका विशेष शिक्षिकेकडे तीन-चार मुलं, आणि काही मुलांना तर एकास एक. शिवाय रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मदतनीस ताई, गाडीचा चालक. केळी आणि वह्या देऊन यातला एकही पगार निघत नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: निधी पगारासाठी मागा, दर महिन्याचा मागा, आणि शाळेच्या आसपास राहणाऱ्यांकडे मागा. त्याआधी त्या लोकांना ही मुलं नीट समजू द्या. आधी ओळख, मग पावती. हा क्रम उलटा झाला की पैसे एकदाच येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पहिली पायरी: शाळेत जा, हिशेब विचारा

फोन करून, मुख्याध्यापिकांना सोयीची वेळ विचारून जा. शाळा भरलेली असताना दहा जणांचा घोळका अचानक आत शिरला तर मुलांचा अख्खा दिवस विस्कटतो. दोघंच जा. “काय आणू?” असं न विचारता “महिन्याला किती कमी पडतात?” असं विचारा. हा प्रश्न त्यांना फारसं कोणी विचारत नाही.

कागदपत्रंही त्याच भेटीत बघून घ्या. संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालची नोंदणी, आयकर कायद्याखालची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) मान्यता, पॅन, मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला ताळेबंद. कंपन्यांकडे जायचं असेल तर सीएसआर-१ नोंदणी (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी घेण्यासाठीची) झाली आहे का, तेही विचारा. कागद मागताना संकोच नको. चांगल्या संस्था ते आनंदाने दाखवतात, आणि उद्या सोसायटीच्या सभेत हेच प्रश्न तुम्हाला विचारले जाणार आहेत.

एक गोष्ट आताच ठरवून टाका: सगळे पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातील. क्यूआर कोड संस्थेच्या नावाचा, पावतीपुस्तक संस्थेचं. तुमच्या ग्रुपच्या नावाने वर्गणी गोळा करायची म्हटलं, तर त्याच अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना ही वाट चांगली ठाऊक असते. त्यात पडायची गरजच नाही.

दुसरी पायरी: एकच आकडा ठरवा

“सढळ हाताने मदत करा” या वाक्याला कोणाचा हात खिशाकडे जात नाही. समजा, शाळेला एका विशेष शिक्षिकेच्या पगारासाठी महिना तीस हजार कमी पडतात. म्हणजे तीनशे घरांनी दरमहा शंभर रुपये द्यायचे. सिंहगड रस्ता, हडपसर किंवा पिंपळे सौदागरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत एवढी घरं सहज असतात. “आपल्या सोसायटीने एका बाईंचा पगार उचलायचा” हे सभेत एका वाक्यात सांगता येतं आणि घरी गेल्यावरही लक्षात राहतं.

तिसरी पायरी: ओळख करून द्या

याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघात, हास्यक्लबात, महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला अर्धा तास मागून घ्या. बोलायला डॉक्टर असले तर उत्तमच, पण एक आई किंवा एक बाबा हवेतच. सांगायचं ते थोडं आणि नेमकं. ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतला वेगळेपणा आहे, संसर्गाने होणारा आजार नव्हे. आईने लक्ष दिलं नाही, मोबाइल दिला, घरात बोलायला कोणी नव्हतं म्हणून तो होत नाही. लसीमुळेही होत नाही. तसा दावा करणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. काही मुलं भरभर बोलतात, काही अजिबात बोलत नाहीत. मिक्सरचा आवाज, शर्टाचं लेबल, ट्यूबलाइटचा उजेड एखाद्याला असह्य होतो. त्यामुळे डी-मार्टच्या रांगेत जमिनीवर लोळणारं मूल प्रत्येक वेळी हट्टीच असतं असं नाही. हे एवढं जरी शेजारच्या काकूंना समजलं, तरी त्या आईचं जिन्यातून जाणं-येणं सोपं होतं.

भाषणापेक्षा हाताळायला दिलेली गोष्ट जास्त लक्षात राहते. शाळेत मुलाच्या उंचीला भिंतीवर एक पट्टी लावलेली असते. तिच्यावर वेल्क्रोने चिकटवलेली चित्रं: चटई, मणी, झोका, हात धुणे, डबा, रिक्षा. एक काम संपलं की मूल ते चित्र टर्रकन ओढून खालच्या डब्यात टाकतं. पट्टीवर नुसती रिक्षा उरली, की घरी जायचं. शाळेकडून अशी एक पट्टी मागून आणा आणि सभेत हातोहात फिरवा.

चहाचा स्टॉलही लावा. टेबलावर चित्रांची कार्डं ठेवायची: चहा, कॉफी, पाणी, बिस्कीट, भजी. नियम एकच, बोलायचं नाही, कार्ड द्यायचं. सुरुवातीला सगळे हसतात. मग कोणाला तरी कटिंग हवा असतो आणि कटिंगचं कार्ड नसतं. कोणाला बिनसाखरेचा हवा असतो. ते हातवारे करतात, स्टॉलवरची व्यक्ती पुन्हा साखरेचाच कप पुढे करते, आणि चेहऱ्यावरचं हसू मावळायला लागतं. बरोबर तेव्हा कार्ड गोळा करा आणि त्या आईला बोलू द्या. तिला काही समजावून सांगावं लागत नाही.

अशा कार्यक्रमानंतर बहुतेक वेळा एखादी आई मागे थांबते. तिचं दोन-अडीच वर्षांचं मूल हाक मारल्यावर बघत नाही, बोट दाखवत नाही, आणि घरचे म्हणताहेत की “त्याचे बाबाही उशिराच बोलायला लागले.” तिच्यासाठी कोपऱ्यात वेगळं टेबल ठेवा आणि तिथे शाळेची एक जाणती शिक्षिका बसवा. बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घेणं, पुढे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढणं, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतला वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, हे सगळं एका कागदावर छापून तिच्या हातात द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे हेही त्यात असू द्या. अनेक पालकांना ते माहीतच नसतं. जनजागृतीचा खरा उपयोग मला तरी या कोपऱ्यातल्या टेबलापाशी दिसतो.

चौथी पायरी: मुलांना प्रदर्शनात मांडू नका

देणगीदारांसमोर मुलांना नाचायला लावणं, चेक स्वीकारताना मूल मध्ये उभं करून फोटो काढणं, “बिचारी मुलं” म्हणून आवाहन करणं, हे सगळं बंद ठेवा. अनोळखी गर्दी, माइकचा आवाज आणि फ्लॅश यांचा त्रास कुठल्या मुलांना होतो हे आपण नुकतंच सभेत सांगितलेलं असतं. फोटो हवाच असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या आणि चेहऱ्याऐवजी मणी ओवणारे हात दाखवा. ज्याला मनापासून गायचं आहे त्याला जरूर गाऊ द्या. आयत्या वेळी नको म्हणाला तर तेही चालेल असं आधीच ठरलेलं असू द्या.

मुलांनी रंगवलेल्या पणत्या, कागदी पिशव्या, उटण्याची पाकिटं विकायला ठेवाल तर वस्तू बाजारात चालेल अशी हवी आणि किंमतही बाजाराची. फुटकी पणती दयेपोटी खपवली, तर तो ग्राहक पुढच्या दिवाळीला येत नाही.

पाचवी पायरी: पुण्याचं वर्ष बघून कार्यक्रम ठरवा

जागतिक ऑटिझम जागरूकता दिन २ एप्रिलला असतो. संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये तो ठरवला आणि २००८ पासून पाळला जातो. आपल्याकडे तेव्हा परीक्षा, मार्चअखेरची धावपळ आणि ऊन असतं. म्हणून तयारी जानेवारीत सुरू करा आणि कार्यक्रम सकाळी सातला घ्या. तळजाई किंवा वेताळ टेकडीवर फिरायला येणाऱ्यांना गाठायला याहून चांगली वेळ नाही. फलक हातात धरा, स्पीकर नको.

मोठी रक्कम उभी करायची तर नाटकाचा प्रयोग हा पुण्याचा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. प्रयोग कॉन्ट्रॅक्टवर घ्यायचा, देणगी प्रवेशिका काढायच्या, स्मरणिकेला जाहिराती मिळवायच्या. बालगंधर्व किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाची तारीख बरीच आधी धरावी लागते, त्यामुळे आधी तारीख, मग नाटक. कॉन्ट्रॅक्ट, भाडं आणि छपाईचा खर्च स्मरणिकेच्या जाहिरातींतूनच निघेल असं गणित मांडा, म्हणजे प्रवेशिकांचा पैसा पूर्ण शाळेला जातो. जाहिरातींचं गणित जमत नसेल तर या वाटेला जाऊ नका. रिकाम्या खुर्च्यांपुढे झालेला प्रयोग शाळेला कर्जात टाकतो.

गणेशोत्सवात मंडळांकडे जा, पण जुलैमध्ये. ऑगस्टमध्ये कार्यकर्त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मंडळाकडे दोन गोष्टी मागा. एक, वर्गणीतून एका शिक्षिकेचा एका महिन्याचा पगार. दुसरी, दहा दिवसांतली एक सकाळ, ज्या वेळी स्पीकर बंद, झगमगते दिवे बंद, रांग नाही आणि ही मुलं घरच्यांबरोबर निवांत दर्शन घेतील. ढोल-ताशाच्या दणदणाटामुळे ज्या घरांनी वर्षानुवर्षं मांडवात पाऊल ठेवलेलं नाही, त्यांच्यासाठी ही सकाळ फार मोलाची असते. मंडळाला यात एक रुपयाही खर्च नाही.

रद्दी गोळा करणं सोपं आहे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करा. रक्कम लहान असते, पण सोसायटीतली शाळकरी मुलं त्यात सामील होतात.

हिंजवडी, खराडी, चाकणच्या कंपन्यांना गाठायचं तर आतल्या माणसाकरवी गाठा. शाळेच्या पालकांमध्येच कोणीतरी तिथे कामाला असतं. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे ठराविक नफा किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यांना व्हॅन किंवा उपकरणं द्यायला आवडतं. व्हॅन घ्या, पण चालकाचा पगार आणि डिझेलही त्याच प्रस्तावात घाला.

सहावी पायरी: पावती आणि करसवलत

लोक विचारतात, म्हणून उत्तरं तयार ठेवा. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीच्या साधारण निम्मी रक्कम, उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत, करपात्र उत्पन्नातून वजा होते. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ही सवलत नाही. वस्तूरूपात दिलेल्या मदतीलाही नाही. नव्या करप्रणालीत असलेल्यांना ती मिळत नाही, हे आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये वाद होतात. देणगीदाराचा पॅन घ्या, कारण संस्थेने आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरण भरल्यावरच प्रमाणपत्र निघतं. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, लोक मात्र ८०जीच म्हणतात. पत्रकाचा मजकूर सीएकडून एकदा वाचून घ्या.

पुण्यातल्या घरोघरी कोणीतरी अमेरिकेत असतं, तेव्हा हेही लक्षात ठेवा. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी धरली जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, ती परदेशी ठरते. मग संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्याची सरकारी परवानगी) आणि त्यासाठीचं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. ते नसेल तर अशी रक्कम घेऊ नका, कितीही मोठी असली तरी.

सातवी पायरी: कार्यक्रमानंतरचे पंधरा दिवस

हिशेब एका पानावर लिहा: किती आले, किती खर्च झाले, शाळेच्या खात्यात किती गेले. तो सोसायटीच्या फलकावर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर लावा. ज्यांनी पन्नास रुपये दिले त्यांनाही तो दिसला पाहिजे.

याच दिवसांत दरमहाच्या देणगीचा फॉर्म घेऊन घरोघरी जा. यूपीआय ऑटोपे किंवा बँकेची स्थायी सूचना तिथल्या तिथे, त्यांच्याच फोनवर करून द्या. “नंतर करतो” म्हटलेलं सहसा राहून जातं. ज्येष्ठांना मोबाइल नको असेल तर वर्षाचे बाराशे एकदम चेकने घ्या.

दर तीन महिन्यांनी शाळेने चार ओळी लिहून पाठवाव्यात अशी विनंती करा. नावाशिवाय, फोटोशिवाय: एक मुलगा आता स्वतः डबा उघडतो, एकीने पहिल्यांदा कार्ड देऊन पाणी मागितलं. एखाद्या महिन्यात कोणाचा हप्ता चुकला, तर ग्रुपवर नाव न टाकता एकट्याला फोन करा आणि आधी ख्यालीखुशाली विचारा.