टाकीचा बूट काढल्याशिवाय तारखेवर विश्वास ठेवू नका

पाऊस धरला, होड्या वर ओढल्या, की मालवणात आमचं काम पाण्यातून पडवीत येतं. सिझनभर किल्ल्याजवळ बुडवलेल्या स्कुबाच्या टाक्या एकेक करून खोलायच्या. बहुतेक ११.१ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या, २०७ बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप). दोन-तीन पोलादी.

आधी हवा सोडा, सावकाश. फुसफुस थांबली म्हणजे टाकी रिकामी झाली असं नाही. व्हॉल्व्ह आतून चोंदलेला असू शकतो. तो उघडाच ठेवून मग पाना लावा. अडला तर जोर करू नका.

मग बुडाचा प्लास्टिकचा बूट काढा. हेच काम लोक टाळतात, आणि खारं पाणी आणि वाळू नेमकी तिथेच बसते. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर पुसून तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खड्डा पडलाय, तो किती खोल ते मोजून घ्या.

आता तोंडातून छोटा दिवा आत सोडा. मी एकदा जुनी पोलादी टाकी घेतली होती. खांद्यावर हायड्रोटेस्टच्या, म्हणजे पाणी भरून केलेल्या दाबाच्या चाचणीच्या, तारखेचा ठसा ताजा, रंग चकाचक. उलटी केली तर कपभर तांबडं पाणी पडलं. कुणीतरी ती समुद्रात पार शेवटच्या श्वासापर्यंत ओढली असणार आणि रिकाम्या टाकीत पाणी शिरलं असणार. ओली पोलादी टाकी बरेच दिवस भरून ठेवली तर गंज हवेतला ऑक्सिजनही खातो. काटा २०० बार दाखवतो आणि हवा मात्र श्वास घ्यायच्या लायकीची नसते. तेव्हापासून पोरांना सांगून ठेवलंय, ५० बारला वर यायचं.

मानेचे आटे आरशाने बघा. ६३५१ मिश्रधातूच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियम टाक्यांना तिथे तडे जातात, म्हणून स्वस्त मिळाली तरी मी घेत नाही. आणि व्हॉल्व्ह अदलाबदल करू नका! एम-२५ चा (२५ मिलिमीटर आट्याचा) व्हॉल्व्ह पाऊण इंची आट्यात बसल्यासारखा वाटतो, पण जरा ढिला असतो. दाब चढला की तोफगोळ्यासारखा सुटतो.

हायड्रोटेस्ट घरी होत नाही. आम्ही दर ५ वर्षांनी पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरच्या सुरक्षेचं सरकारी खातं) मान्यता असलेल्या केंद्रात पाठवतो. तिथे टाकीत पाणी भरून कामाच्या दाबाच्या वर नेतात. अमेरिकी मानकाचा ठसा असलेल्या २०७ बारच्या टाकीला साधारण ३४५. टाकी किती फुगली आणि दाब सोडल्यावर किती फुगलेलीच राहिली ते मोजतात. एकूण फुगण्याच्या १० टक्क्यांहून जास्त उरलं की टाकी बाद.

पास झालेलीला नवी ओ-रिंग (व्हॉल्व्हखालची रबरी कडी) घाला, २०-३० बार कोरडी हवा भरा, उभी ठेवा. ती तांबड्या पाण्याची टाकी मी मधोमध कापून टाकली, पुन्हा कुणी भरायला नको. वरचा अर्धा तुकडा पडवीत टांगलाय. जेवण तयार झालं की आई त्यावर पाना आपटते.