ग्रीन रिव्हरवर वाद घालताय? मग या चुका टाळा

अमेरिकेतल्या सिएटलच्या रॉक संगीताचा विषय निघाला की ग्रीन रिव्हरचं नाव येतंच, आणि नाव आलं की त्याच त्या चुका ठरलेल्या. हा बँड १९८४ मध्ये सुरू झाला आणि १९८७ च्या ऑक्टोबरअखेर संपला. मागे दोन ईपी (म्हणजे अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्ड), एक अल्बम आणि थोडी फुटकळ गाणी. सगळं मिळून दीड तासात ऐकून होतं. तरीही ते न ऐकता लोक तासन्‌तास भांडतात, याचा मला मनापासून राग येतो.

प्रकाशनाचं साल म्हणजे बँडचं साल नव्हे

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून निघतात.

पुण्यात एका कॉलेजच्या फेस्टिवलमध्ये रॉक संगीताची क्विझ होती. प्रश्न आला, ‘ग्रीन रिव्हर कोणत्या वर्षी फुटला?’ दुसऱ्या वर्षाला शिकणारा एक मुलगा पटकन म्हणाला, १९८७. क्विझ घेणाऱ्याने मान हलवली आणि १९८८ हे उत्तर जाहीर केलं. मुलगा शांतपणे म्हणाला, ‘सर, शेवटची रेकॉर्ड ८८ ला आली, पण बँड आदल्या वर्षीच संपला होता.’ त्यावर सरांनी मोबाइल काढून ‘रिहॅब डॉल, १९८८’ ही ओळ सगळ्यांना दाखवली आणि विषय मिटवला. मी प्रेक्षकांतून उठून बोललो, पण ‘वेळ कमी आहे’ म्हणून पुढचा प्रश्न घेतला गेला. त्या मुलाचा संघ तेवढ्या गुणांनी हरला. ज्याने नीट वाचलं त्याला शिक्षा आणि ज्याने एक ओळ पाहिली त्याच्या हातात माइक, हे मला अजूनही सहन होत नाही.

मुलगा बरोबर होता. ‘रिहॅब डॉल’ जून १९८८ मध्ये बाजारात आली तेव्हा ग्रीन रिव्हर उरलाच नव्हता. गायक मार्क आर्म मडहनी या नव्या बँडमध्ये होता आणि गिटारवाले स्टोन गॉसर्ड व ब्रूस फेअरवेदर आणि बेसवाला जेफ अमेंट हे मदर लव्ह बोन या दुसऱ्या बँडमध्ये. त्याआधीची ‘ड्राय ॲज अ बोन’ ही ईपी रेकॉर्डिंग करणाऱ्या जॅक एन्डिनोसोबत १९८६ मध्ये रेकॉर्ड झाली, पण सब पॉप या रेकॉर्ड कंपनीच्या ब्रूस पॅव्हिटकडे ती छापायला पैसे नव्हते, म्हणून ती निघाली १९८७ च्या जुलैत. पहिली ‘कम ऑन डाऊन’ही रखडलीच होती. १९८४ च्या डिसेंबरात काम सुरू झालेली ही ईपी न्यूयॉर्कच्या होमस्टेड रेकॉर्ड्सने १९८५ मध्ये काढली, तीही एवढ्या उशिरा की बँड पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा विकायला हातात रेकॉर्डच नव्हती.

नुसत्या प्रकाशनाच्या सालांवर तक्ता मांडला की चित्र फसवं होतं. सिएटलच्याच साउंडगार्डन या बँडची ‘स्क्रीमिंग लाइफ’ १९८७ च्या ऑक्टोबरातली, म्हणजे ‘ड्राय ॲज अ बोन’नंतर जेमतेम तीन महिन्यांनी. मग कुणीतरी हमखास म्हणतं, दोघांनी एकाच वेळी तो आवाज शोधला. प्रत्यक्षात ग्रीन रिव्हरची टेप वर्षभर आधीच तयार होऊन पडून होती.

माझी सवय साधी आहे. वहीत प्रत्येक रेकॉर्डपुढे दोन रकाने आखायचे, एक रेकॉर्डिंगचा, दुसरा प्रकाशनाचा. दोन्ही भरल्याशिवाय ‘कोणी कुणाचं उचललं’ या वादात तोंड उघडायचं नाही.

‘पहिला ग्रंज बँड’ म्हणून मोकळं होणं

हे वाक्य बोलायला सोपं आहे, म्हणून नवशिक्यांना फार आवडतं. ग्रंज म्हणजे पंक आणि जड रॉक यांच्या मिश्रणातून सिएटलला घडलेलं संगीत. १९८६ च्या मार्चमध्ये सी/झेड रेकॉर्ड्सने ‘डीप सिक्स’ नावाचं संकलन काढलं. त्यात ग्रीन रिव्हरसोबत मेल्विन्स, मालफंक्शन, साउंडगार्डन, स्किन यार्ड आणि यू-मेन हे पाच बँड आहेत. मालफंक्शन, यू-मेन आणि मेल्विन्स तर ग्रीन रिव्हरच्या आधीपासून वाजवत होते. हे संकलन एकदा सलग ऐका. ‘पहिला कोण’ हा प्रश्नच तिथे निरुपयोगी वाटायला लागतो. सहाही बँड पंक आणि जड रॉक यांच्या मधल्या जागेत धडपडत होते आणि प्रत्येकाची धडपड वेगळी होती.

सब पॉपने ‘ड्राय ॲज अ बोन’च्या जाहिरातीत ‘ग्रंज’ म्हटलं हे खरं, पण तो माल विकण्यासाठीचा मजकूर होता. त्यावरून वर्गीकरण करू नका.

मग करायचं कसं? आख्ख्या बँडवर एक चिठ्ठी चिकटवण्याऐवजी एकेक रेकॉर्ड वेगळी धरा. गाण्यात जसं एकाच गवय्याची उमेदीतली आणि उतारवयातली मैफल आपण वेगळी ऐकतो, तसंच. ‘कम ऑन डाऊन’मध्ये गिटारवर स्टीव्ह टर्नर आहे. तिच्यात पंकची घाई आणि सत्तरच्या दशकातल्या हार्ड रॉकचा संथ जडपणा एकमेकांना अजून धक्के देतात. ती पूर्ण झाली आणि टर्नर बाहेर पडला, कारण बाकीच्यांचा मेटलकडचा कल त्याला पटत नव्हता. त्याच्या जागी फेअरवेदर आला. लोक ‘ग्रंज’ म्हणतात तेव्हा त्यांच्या कानात जो मळकट, दाट गिटारचा आवाज असतो तो ‘ड्राय ॲज अ बोन’वर आहे. आणि ‘रिहॅब डॉल’ बरीचशी हार्ड रॉककडे झुकलेली आहे.

हे शब्दांत सांगून पटत नाही, म्हणून मी नेहमी ‘स्वॉलो माय प्राइड’ लावतो. हे गाणं ‘कम ऑन डाऊन’वरही आहे आणि ‘रिहॅब डॉल’वरही. पहिल्या खेपेला ड्रम कोरडे, आवाज पातळ, आणि आर्म घसा फोडून गाण्यावर स्वार व्हायला बघतोय. दुसऱ्या खेपेला ड्रमभोवती एवढा घुमारा आहे की मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये वाजवल्यासारखं वाटतं, गिटार रुंद झाल्यात आणि आर्मच्या आवाजाला मागे सरकावं लागलंय. माणसं जवळपास तीच, गाणं तेच. पुढे साउंडगार्डननेही ‘फॉप’ या ईपीवर हेच गाणं घेतलं, तेही ऐका. मगच ‘प्रोटो-ग्रंज’, ‘ग्लॅम’, ‘मेटल’ यांवर भांडा. माझं मत विचाराल तर पहिली खेप जास्त जिवंत आहे, आणि ते मत मी कुणासाठी बदलणार नाही.

फुटीचं धर्मयुद्ध करणं

ठरलेली गोष्ट अशी: मडहनीवाले प्रामाणिक पंक, पर्ल जॅमवाले (म्हणजे गॉसर्ड आणि अमेंट, ज्यांनी पुढे पर्ल जॅम हा बँड काढला) पैशामागे धावणारे, आणि दोघांच्या भांडणात बँड मोडला. यातली पहिली अडचण म्हणजे टर्नर. मडहनीचा हा अर्धा कणा १९८५ मध्येच गेला होता. १९८७ च्या भांडणात तो नव्हताच. दुसरी अडचण, त्या वर्षी पर्ल जॅम कुणाच्या स्वप्नातही नव्हता. मध्ये मदर लव्ह बोन आहे, मार्च १९९० मधला त्याच्या गायकाचा, अँड्र्यू वुडचा मृत्यू आहे, आणि पर्ल जॅमचा पहिला अल्बम ‘टेन’ यायला १९९१ चा ऑगस्ट उजाडला.

मतभेद होते, नाही असं नाही. अमेंट आणि गॉसर्ड यांना मोठ्या कंपनीचा करार हवा होता, आर्मला स्वतंत्र राहायचं होतं. लॉस एंजेलिसमध्ये जेन्स ॲडिक्शन या बँडसोबतच्या कार्यक्रमात अमेंटने पाहुण्यांची यादी कंपन्यांच्या माणसांनी भरून टाकली, मित्रांना आत घ्यायला जागा उरली नाही आणि आर्म चिडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सगळं संपलं. पण संगीतावर पोट भरावं असं वाटणं हा गुन्हा नाही. अमेंट माँटानातून सिएटलला वाजवायला आला होता. त्याची इच्छा लबाडी ठरवणारे बहुतेक जण स्वतः महिन्याचा पगार घेऊन निवांत बसलेले असतात.

आपल्याकडे बहुतेकांना हे संगीत उपग्रह वाहिन्यांवरच्या पर्ल जॅममधून भेटलं, म्हणून आपण नेहमी उलटे मागे जातो आणि ग्रीन रिव्हरला कुणाची तरी ‘आधीची पायरी’ मानतो. एकदा तरी १९८४ पासून पुढे या.

बाकीच्या, थोडक्यात

नाव क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडच्या त्याच नावाच्या अल्बमवरून नाही घेतलेलं. सिएटलजवळच्या ग्रीन रिव्हर नदीत १९८२ पासून बायकांचे मृतदेह सापडत होते. त्या खुन्याला पोलिस आणि वर्तमानपत्रं याच नदीच्या नावाने ओळखत, तो हा संदर्भ. नाव घेतलं तेव्हा खुनी मोकाट होता. गॅरी रिजवेला अटक झाली २००१ मध्ये.

ड्रमर ॲलेक्स शमवेला विसरू नका. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता आणि बँडांच्या वंशावळीच्या तयार चित्रांत त्याचंच नाव गाळलेलं असतं. अशी चित्रं ढापून वाद घालू नका.

फेअरवेदर पर्ल जॅममध्ये कधीच नव्हता. टेम्पल ऑफ द डॉग या बँडमध्ये ग्रीन रिव्हरमधून आलेले फक्त अमेंट आणि गॉसर्ड.

निर्वाणा या बँडच्या यशाचं माप ग्रीन रिव्हरला लावू नका. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम यायच्या चार वर्षं आधी हा बँड बंद पडला होता.

‘ड्राय ॲज अ बोन’ आणि ‘रिहॅब डॉल’ १९९० मध्ये एकाच सीडीवर निघाल्या, आणि ती ऐकलेले लोक आजही दोन्हींना एकच अल्बम समजतात. शफल लावून ऐकणाऱ्यांचंही तेच होतं. २०१९ मध्ये सब पॉपने दोन्ही पुन्हा वेगवेगळ्या काढल्या, सोबत जादा रेकॉर्डिंगही दिली. त्या घ्या.

२००८ मध्ये सब पॉपच्या विसाव्या वर्षाच्या महोत्सवात बँड पुन्हा एकत्र आला, तेव्हा टर्नर, गॉसर्ड आणि फेअरवेदर असे तीन गिटारवाले एकाच मंचावर होते. तो कार्यक्रम पाहून ‘मूळ बँड असाच वाजायचा’ म्हणू नका. १९८४ ते ८७ मध्ये टर्नर आणि फेअरवेदर एकाच वेळी बँडमध्ये कधीच नव्हते.